सिल्व्हर म्यूलच्या दाराला कुलूप

लास वेगासमधलं कुठलं कॅसिनो कधी बंद पडणार, हे सगळ्यांत आधी सांगणाऱ्याला कुणी पगार देत नाही. तरी जुन्या कॅसिनोंच्या चाहत्यांच्या मंडळात वर्लनचा हिशेब पक्का होता. मंडळातल्या नदीनबाईंच्या नावावर आधी ओळखलेली चार कॅसिनो जमा होती, त्याच्या नावावर तीन. चौथं मिळालं की बरोबरी. मग मंडळाच्या गुरुवारच्या नाश्त्याला "तू मारलेलं ते कॅसिनो अजून जिवंत आहे म्हणे," असं विचारून त्याचा घास अडकवायची बाईंची सोय संपली असती.

बुधवारी सकाळी बायकोला, मार्लिसला, कामावर सोडताना त्याला घबाडच सापडलं. सिल्व्हर म्यूल कॅसिनोच्या पुढच्या दाराला एक माणूस कुलूप बसवत होता.

गालिचे उचलले तर डागडुजी म्हणता येते, बुफे बंद केला तर काटकसर. पण रात्रंदिवस, बारा महिने उघड्या असणाऱ्या कॅसिनोला कुलूप कशाला? स्मशानाला असतं का? वर्लनने गाडीतूनच मंडळाच्या ऑनलाइन पानावर लिहिलं : "सिल्व्हर म्यूल रविवारी बंद. खात्रीलायक." रविवार त्याने पदरचा घातला. तारखेशिवाय बातमीला वजन येत नाही.

शुक्रवारपर्यंत भक्त लोटले. कुणी ॲशट्रे खिशात घातले, कुणी मेनू, एकाने तर नळाची चावी. आणि प्रत्येकाने आठवण म्हणून चिपा, म्हणजे जुगारात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, विकत घेतल्या, एकही न खेळता घरी नेल्या. वर्लननेही चारशे डॉलरच्या घेतल्या.

मार्लिस तिथल्याच कॅफेत बावीस वर्षं वाढपाचं काम करत होती. तिने बातमी गिऱ्हाइकाच्या फोनवर वाचली.

"माझी नोकरी चालली, आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू चारचौघांत बोलली असतीस. नदीनच्या कानावर गेलं असतं."

शनिवारी ती मालकांपुढे, बोयाजियनसाहेबांपुढे, उभी राहिली आणि बावीस वर्षांचं तुंबलेलं सगळं बोलली. कालची कॉफी आज गरम करण्याबद्दल बोलली, साहेबांच्या नकली केसांच्या टोपाबद्दल बोलली, त्यांच्या विनोदांना हसून हसून दुखलेल्या जबड्याबद्दलही बोलली.

"झालं?" साहेब म्हणाले. "दहा नंबरला कॉफी हवीय."

"उद्या शेवटचा दिवस ना?"

"कुणाचा?"

"मग ते कुलूप?"

"विमेवाल्यांनी लावायला लावलं. किल्ली कुठे ठेवली तेही मला आठवत नाही."

सोमवारी सिल्व्हर म्यूल उघडंच होतं. गुरुवारी नदीनबाईंनी वर्लनला काहीच विचारलं नाही, नुसतं मीठ पुढे सरकवलं. ते जास्त झोंबलं.

साहेबांना अकरा हजार डॉलरचा फायदा झाला, कारण आठवण म्हणून नेलेली चीप कुणी वटवायला आणत नाही. मंडळींना ॲशट्रे मिळाले. मार्लिसची नोकरी टिकली, शिवाय जबड्याला आराम पडला, कारण साहेब आता तिला विनोद सांगत नाहीत. राहता राहिला वर्लन. चारशेच्या चिपा त्याला केव्हाही वटवता आल्या असत्या, पण खिडकीपाशी रांगेत मंडळातलं कुणी भेटलं तर काय तोंड दाखवणार? शेवटी मार्लिसच चिपा घेऊन गेली आणि नवी पर्स खांद्याला लावून परतली.

"पैसे?" वर्लनने विचारलं.

"कसले पैसे? माझा नवरा सांगतो, सिल्व्हर म्यूल रविवारीच बंद झालं. खात्रीलायक."