रस्सा मिळणार नाही

तोतारामनानांच्या हॉटेलात शिरताना पिशवी तपासली जाई. चोरीच्या भीतीने नव्हे. आत रस्सा असेल म्हणून. डब्याचं झाकण उघडून नाना वास घेत आणि डबा फळीवर ठेवून देत. "जाताना न्या." भिंतीवर पाटीच होती, 'रस्सा मिळणार नाही'. धुळ्यात हॉटेल काढून अशी पाटी लावणारा माणूस धड नसणार, हे मी बदलीवर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

दुसऱ्या महायुद्धात नाना इटलीत कैदी होते. परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी आग्रा रोडवर मातीची घुमटासारखी भट्टी बांधली आणि तिच्यात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून तिकडची रोटी भाजायला घेतली. तिला पिझ्झा म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. वर टोमॅटो, लसूण आणि नासवलेल्या दुधाचा मळलेला गोळा. चांगलं दूध मुद्दाम नासवतात हे कळल्यावर गवळ्याने रतीब बंद केला होता.

गिऱ्हाईक यायचं ते नवल बघायला. रोटी समोर आली की सवयीने ती ताटात चुरायचं आणि रस्सा ओतायची वाट बघत बसायचं. "कोरडं कसं खावानं, नाना?" नाना हात मागे बांधून त्याच्या डोक्यावर उभे. "घास घ्या, मग बोला." समोरच्या कापडवाल्या शेठजींना त्यांनी लसूण वगळून करून दिली, तरी शेठजींनी तपकिरीच्या डबीतून लोणचं आणलंच. पकडले गेले. त्या दिवसापासून नाना तपकिरीच्या डब्याही हुंगू लागले.

"एकाने पुरी खावी. कोरडी," ते मला म्हणत. "एकच माणूस बघायचाय मला." तो माणूस मी व्हावा असं त्यांना फार वाटे. मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर उठलो. चव वाईट नव्हती, खरं सांगतो; पण कुणी असं तोंडाकडे बघत उभं राहिलं की घास उतरतो कुठे?

एकदा मी वैतागून म्हणालो, "वाटीभर रस्सा द्या, हॉटेल चालेल. एवढा हट्ट कशाला?"

नाना भट्टीतली राख ओढू लागले. ओढता ओढता बोलले. ते आणि त्यांच्या गावचा भिका कैदेतून पळाले होते. डोंगरातल्या एका शेतकऱ्याने दोघांना माळ्यावर लपवलं. त्याची बायको रोज हीच रोटी पाठवायची. भिका तापाने फणफणलेला. रस्सा आण म्हणायचा, कोरडं उतरत नाही.

"रस्सा कुठून आणू, साहेब? आठ दिवसांत गेला. मला त्याला भरवता आलं नाही. ही कोरडी उतरते का, तेवढं एकदा बघायचंय."

त्यानंतर मी तिथे गेलो की मान खाली घालून बसे. नानांची थट्टा करायची माझी हिंमत गेली होती.

त्या उन्हाळ्यात भिकाची आई, सोनाअक्का, डोळे दाखवायला धुळ्याला आल्या, तशा नानांच्या हॉटेलातही आल्या. मुलगा कसा गेला ते नानांनी त्यांना पूर्वीच सांगितलं होतं. अक्का बाकावर न बसता जमिनीवर बसल्या. ताट ठेवून नाना भट्टीकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवशी त्यांना कुणाकडे बघवत नव्हतं.

अक्कांच्या तोंडात चार दात. एकेक तुकडा घोळवत त्यांनी पाऊण तासात सगळी रोटी संपवली. रस्सा मागितला नाही, पाणीही नाही.

"चांगली शे," त्या म्हणाल्या. "मंग मना भिकानी का बरं खादी नही?"

विचारण्यात राग नव्हता. म्हातारीला खरंच कळत नव्हतं. पुरी रोटी खाणारं माणूस नानांना अखेर मिळालं होतं, आणि त्याचा काडीइतका उपयोग झाला नव्हता. ते अक्कांसमोर खाली बसले.

भट्टीच्या तोंडाशी दुसरी रोटी तयार होती. अक्कांनी ती मला आणायला सांगितली, तुकडा मोडला आणि नानांच्या तोंडाशी धरला. "आते तू खाय."

नानांना ती रोटी खाताना मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ते नुसती मान हलवत राहिले. अक्कांनी हात मागे घेतला नाही.