तीट लावलेलं पिल्लू आणि सुगरणराव

एका जंगलात, बाळांनो, एक विचित्र शिस्त होती. ज्या वस्तूला काळी तीट लावलेली असेल, ती दिसत नाही असं सगळ्यांनी मानायचं. कोल्होबा चोरलेल्या कोंबडीला तीट लावत. मोर गळलेल्या पिसांना लावी.

खारूताईनं पिल्लाच्या गालाला लावली होती. दृष्ट लागू नये म्हणून. (हसू नका. शिकलेल्या आयासुद्धा लावतात.)

तिचं झाड वाळवीनं पोखरलं होतं. आज पडेल की उद्या, असं झालेलं. तिनं सुगरणरावांना बोलावलं. जुन्या घरातलं सगळं उचलायचं आणि त्यातून नवं घर उभं करायचं, हे त्यांचं काम.

घर झकास झालं. कापूस होता, गवत होतं, जांभळाच्या बियासुद्धा होत्या.

"भाऊ, माझं पिल्लू?"

"कुठलं पिल्लू?"

"ढोलीत होतं ना! गालावर तीट..."

"मग दिसलं नसणार, ताई."

"अहो, रडत असेल ते!"

"रडत होतं ना. फार गोड गळा आहे."

खारूताई धावली. पिल्लू तोंडात धरून तिनं उडी मारली आणि मागे झाड कोसळलं.

ती रडत सिंहमहाराजांकडे गेली. महाराजांना गहिवरून आलं. "आजपासून तीट असो नसो, सगळं उचला!"

मग सुगरणरावांनी महाराजांचं सगळं उचलून नवी गुहा उभी केली. दर्शनी भिंतीवर त्यांची नकली आयाळ टांगलेली होती. तिटेसकट.

संध्याकाळपर्यंत जुना नियम परत आला.

"विचारून उचललं तर?" खारूताई चाचरत म्हणाली. "कुठली तीट दृष्टीची, कुठली लपवाछपवीची, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं."

"विचारायचं?" सुगरणराव दुखावले. "मी कारागीर आहे, चौकशीची खिडकी नव्हे."

पिल्लाच्या गालावरचं काजळ खारूताईनं बोटावर घेतलं आणि सुगरणरावांच्या कपाळाला लावलं.

"इतकं सुरेख काम करता. दृष्ट लागेल हो."

दुसऱ्या दिवशी दरबारात सुगरणरावांचा सत्कार होता. हार तयार होता. गळा सापडेना.

"अहो, मी इथे आहे! इथे!"

"ऐकू येतंय की," कोल्होबा म्हणाले. "फार गोड गळा आहे."

तात्पर्य: बाळांनो, हुशार कारागिराला समजावत बसू नये, काजळाची डबी जवळ ठेवावी. फाइलीच्या नावाआधी टिंब दिसलं की ती लपवलेली समजून मागेच सोडून येणारे कॉम्प्युटरवाले काका ओळखीत असतील, तर दोन ठेवाव्यात.