ढगात अडकलेले उडीकाका

"वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही," उडीकाकांच्या बुटाची नाडी बांधता बांधता काकूंनी बजावलं. "काय काय करायचं नाही?"

"वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही." पाढे म्हणावेत तसं काकांनी म्हणून दाखवलं.

"आणि पट्टा?"

"घालतोच आहे. तुझं दूध उतू जातंय बघ."

काकू स्वयंपाकघरात धावल्या. दूध कुठलं उतू जायला, ते अजून फ्रीजमध्येच होतं. पण तेवढ्या वेळात काकांनी डॉक्टरांनी दिलेला कमरेचा रुंद पट्टा बुटांच्या कपाटामागे सोडून दिला आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. आता तो खाली पडलेला पट्टा आपल्याला पुन्हा उचलता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी सोडला. कारण पट्टा घातला की शर्टाखाली पोटावर ट्रे बांधल्यासारखं दिसायचं, आणि काका ज्या दुकानात कामाला होते तिथे पाठीला पट्टा बांधलेला माणूस म्हणजे मिठाच्या दुकानात गळका नळ.

काका गाद्या विकत. नुसत्या विकत नसत, गाजवून विकत. गिऱ्हाईक समोर आलं की काका गादीच्या एका कडेला पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे, दुसऱ्या कडेला पाठ करून उभे राहायचे आणि हात पसरून धाडकन मागे पडायचे. पेल्यातला एक थेंबही सांडायचा नाही. गिऱ्हाईक टाळ्या वाजवायचं आणि पैसे काढायचं. 'उडीकाका' हे नाव तेव्हापासूनचं. पाठ या उड्यांनी गेली असं तुम्हाला वाटेल, पण नाही. इतक्या वर्षांच्या उड्या पाठीने मुकाट सोसल्या आणि एके दिवशी खाली पडलेली एक उशी उचलताना पाठ धरली, ती धरलीच. पायातली ताकद जायला लागली तेव्हा ऑपरेशनला पर्याय उरला नाही. डॉक्टरांनी दोन मणके सळ्या आणि स्क्रू घालून एकमेकांना जोडून टाकले. काकूंनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाल्या, "सुताराकडे गेलो असतो तर निम्म्यात झालं असतं."

मालकांना ही बातमी कळली तेव्हा त्यांना घाम फुटला होता. "गाद्या विकणाऱ्याची पाठ मोडली, हे बाहेर गेलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल," ते फोनवर कुजबुजले. "मी सगळ्यांना सांगतो, पित्ताशयात खडे झालेत. तुम्हीही तेच सांगा." काकांनी ते कबूल केलं. तीन महिने ते छताकडे बघत पडून राहिले. पाठ दुखायची ती दुखायचीच, पण त्याहून जास्त दुखायचं ते हे, की आपल्यावाचून दुकान चाललंय.

आणि ते चाललं होतं. काका दारातून आत शिरले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर गळ्यात टाय घातलेला एक तरुण गृहस्थ बसला होता. काकांच्या जागी बदली म्हणून घेतलेला हा माणूस. दुकानात सगळे त्याला टायवाला म्हणत. हातातल्या स्क्रीनवर गादीचे थर वेगवेगळ्या रंगांत दाखवून तो गाद्या विकायचा.

मालक नेहमीप्रमाणे गल्ल्यापाशी ताठ उभे होते. मालकांना बसलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. हातातलं पेन खाली पडलं तरी ते स्वतः उचलायचे नाहीत, कुणाला तरी हाक मारायचे. मोठ्या माणसाचा रुबाब, असं सगळे समजत.

"आलात? बरं झालं," मालक म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्पष्टच बोलतो, काका. दोन विक्रेते मला परवडत नाहीत. गोदामात मात्र माणूस हवाय. आज तुम्हा दोघांचं काम बघतो. एक इथे राहील, एक गोदामात."

गोदामात दिवसभर एकच काम, गाद्या उचलायच्या. टायवाला गोदामात गेला तर फार तर टाय काढून ठेवेल. काका गेले तर महिन्याभरात पुन्हा छताकडे बघत पडतील, आणि या खेपेला पगाराशिवाय.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि एक आजी-आजोबा आत आले. आजींना मऊ गादी हवी होती. आजोबांना गादीच नको होती.

टायवाला स्क्रीन घेऊन लगबगीने पुढे झाला. "ही बघा, यात सात थर आहेत..."

"थर केकला असतात," आजोबा म्हणाले. "आमच्या लेकीला ज्याने गादी विकली तो उडी मारणारा माणूस कुठाय?"

मालकांनी काकांकडे पाहिलं. टायवाल्याने पाहिलं. आजी तर त्यांच्याकडे जादूगाराकडे बघावं तशा बघू लागल्या. पळून जायची सोय नव्हती, पळायलाही डॉक्टरांची मनाई होती.

"कुठली मऊ गादी दाखवू?" काकांनी घसा खाकरून विचारलं.

"सगळ्यात मऊ," आजी म्हणाल्या.

सगळ्यात मऊ गादीचं नाव होतं 'ढग'. काकांनी कडेवर पेला ठेवला. मग गादीवर अलगद बसले, कुशीवर कलले, पाय वर घेतले आणि ओंडका लोटावा तसे अख्खेच्या अख्खे पाठीवर वळले. घरी त्यांनी याचा कसून सराव केला होता. पण एवढ्या वेळात आजोबांची दोनदा जांभई देऊन झाली.

"ही कसली उडी?"

"नवी पद्धत आहे," काका छताकडे बघत म्हणाले. "रात्री झोपताना तुम्ही काय उडी मारता?"

"मुळीच नाही," आजी म्हणाल्या. त्यांना ते पटलं.

आणि मग काका बुडायला लागले. ढग त्यांच्याखाली हळूहळू खचत गेला, दोन्ही बाजूंनी वर आला. आयुष्यभर गाद्या विकणारा हा माणूस घरी लाकडी पलंगावर पातळ बिछाना घालून झोपत आला होता. आपण विकतो ती वस्तू इतकी सुखाची असते हे त्यांना आज कळलं. पाठीला तीन महिन्यांत असा आराम मिळाला नव्हता. जरा वेळाने त्यांनी उठायला म्हणून कोपर टेकलं, तर ते लोण्यात बोट जावं तसं आत गेलं. दुसरं टेकलं, तेही गेलं. घरच्या लाकडी पलंगावर केलेला सगळा सराव इथे फुकट होता. उठायला कडा हवी, आणि कडा फार लांब राहिली होती.

"उठा आता, मला पडून बघू दे," आजी म्हणाल्या.

"जोडप्याची गादी आहे, आजी," काका घाईने म्हणाले. "शेजारी माणूस असताना कशी वाटते, ते महत्त्वाचं."

"मग तिच्याऐवजी मी पडतो," असं म्हणून आजोबा बुटांसकट शेजारी आडवे झाले. पेला जरा डुलला, पण सांडला नाही. थोडा वेळ दोघेही छत न्याहाळत राहिले.

"इतके दिवस कुठे होता? लेक म्हणाली, तुम्ही रजेवर आहात."

"पित्ताशयात खडे होते."

"वाईट," आजोबा म्हणाले. "पाण्यामुळे होतं. कुठलं पाणी..." आणि वाक्य तिथेच सोडून ते घोरायला लागले.

रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेतून दोन म्हातारे भरदुपारी शांत पडलेले दिसले. एकजण थांबला. त्याला बघून दुसरा थांबला. बघता बघता दुकानात गर्दी झाली. "खरंच झोपलेत का?" "नाटक असेल." "नाही हो, ऐका ना घोरणं!" आजी सगळ्यांना अभिमानाने सांगत होत्या, "लग्न झाल्यापासून हे दुपारी कधी झोपले नाहीत. डोळा लागतच नाही म्हणतात!" गर्दीतल्या दोघांनी तिथल्या तिथे ढग मागितला. टायवाल्याला बिलं करता करता टाय सैल करावा लागला.

मालक काकांच्या उशापाशी येऊन पुटपुटले, "जिंकलंत, काका! हलू नका अजिबात."

"नाही हलत," काका म्हणाले. आयुष्यात एवढं खरं ते कधी बोलले नव्हते.

अर्ध्या तासाने आजोबा जागे झाले, स्वतःच्या ताकदीवर खाली उतरले, निमूट पैसे मोजले आणि आजींसह निघून गेले. काकांनी त्यांच्याकडे फार हेव्याने पाहिलं. एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"उभे आहात ना?" पलीकडून काकू. "सारखं एका जागी बसायचं नाही."

"आडवा आहे."

"कामावर?"

"कामच ते आहे माझं!"

"आणि पट्टा?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. फोनमधून बुटांचं कपाट सरकवल्याचा आवाज आला, मग एक मोठा श्वास, आणि फोन बंद झाला.

"काका, चला," मालकांनी हाक मारली. "या मंडळींना कडक गादी दाखवा."

"आधी हीच नीट समजावतो," काका म्हणाले, आणि त्यांनी ढगाचे गुण पहिल्यापासून सांगायला घेतले. कापडाबद्दल बोलले, शिवणीबद्दल बोलले, ढेकणांबद्दल बोलले. विषय संपत आले तसा टायवाला गादीभोवती संशयाने घिरट्या घालू लागला. "काका, तुम्ही उठत का नाही?"

त्याचं उत्तर दारातून आलं. घंटी वाजली आणि काकू आत शिरल्या, हातात पट्टा झेंड्यासारखा उंच धरून. "अहो! पाठीत स्क्रू ठोकून घेतलेत, आणि पट्टा कपाटामागे टाकून इथे लोळताय?"

सगळ्या माना गादीकडे वळल्या.

"पाठीत?" एका बाईंनी विचारलं. "गादीवाल्याच्या?"

"पित्ताशयाचा पट्टा आहे तो," मालक म्हणाले. पण पित्ताशयाला पट्टा असतो यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. एकेक करून गिऱ्हाईकं सटकली. बिलं केलेली दोघंही 'जरा विचार करून येतो' म्हणाली.

मालकांनी टायवाल्याला सांगून शटर अर्धं ओढून घेतलं. मग काकांसमोर येऊन उभे राहिले. चेहरा लालबुंद.

"उठा."

"उठता येत नाही, मालक," काका म्हणाले. "सकाळपासून हेच लपवतोय. मला गोदामात पाठवलंत तरी उचलता येणार नाही. येतं ते एवढंच, गादी विकणं. तेही आता उभ्यानेच."

"द्या हात इकडे!"

"ओढू नका!" काकू किंचाळल्या.

पण मालकांनी वाकून हात ओढला होता. काका जागचे हलले नाहीत. मालकांच्या तोंडून मात्र 'हंक्' असा एक आवाज निघाला. काकांनी तो तत्काळ ओळखला. ती उशी उचलताना त्यांच्या तोंडून हाच आवाज निघाला होता. मालक अर्धवट वाकलेल्या अवस्थेत क्षणभर थांबले आणि हळूहळू काकांच्या शेजारी ढगात कोसळले. या खेपेला पेला सांडला.

मालकांचा शर्ट वर सरकला होता. आत कमरेला पट्टा होता. काकूंच्या हातातल्यासारखाच, फक्त जुना आणि कडेला विरलेला.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"झाली बरीच वर्षं," मालक छताला म्हणाले.

"आणि झोपता कुठे?"

मालकांनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने शहाणपणाने पाठ फिरवली. "जमिनीवर," मालक म्हणाले. "चटई टाकून."

काकांना हसू येत होतं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटत होतं. एवढी वर्षं हा माणूस गल्ल्यापाशी ताठ उभा होता, तो रुबाबाने नव्हे, दुखण्याने. आणि आपण मेले त्याला घमेंडखोर म्हणत होतो.

"काका," मालकांनी अगदी हळू विचारलं, "ऑपरेशन दुखतं का हो फार?"

काकांना 'छे, काहीच नाही' म्हणता आलं असतं. विक्रेताच तो. पण ते म्हणाले, "दुखतं. सुरुवातीला वाटतं, झक मारली आणि हे करून घेतलं. रात्री बायकोला उठवायची लाज वाटते. मग एका सकाळी तुम्ही आपले आपण उठून बाथरूमपर्यंत जाता, आणि आरशात बघून रडता. मी रडलो."

"मीही रडले," काकू म्हणाल्या. "बाहेर उभी राहून." मग पदर खोचावा अशा आवेशाने त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला. "चला, बास झालं. दोघांनी गुडघे वर घ्या. हात छातीशी. मी ढकलते, तुम्ही ओंडक्यासारखे वळा. आणि हो, टाय, तू पाय धर! आधी मालकांचे, मग यांचे."

ओंडके निघाले, एकामागून एक. उभे राहिल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकांनी फक्त काकूंना विचारलं, "डॉक्टरांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

काही आठवड्यांनी आजी-आजोबा पुन्हा आले. पाहुण्यांच्या खोलीसाठी आणखी एक ढग हवा होता. गल्ल्यामागे उंच खुर्चीवर काका बसले होते, आणि गादीवरच्या उड्या आता टायवाला मारत होता. टाय हवेत उडायचा, गिऱ्हाईकांना तेही आवडायचं. गोदामात गाडीवाल्यांकडून मालाची चढउतार करून घेतली जात होती.

"मालक दिसत नाहीत?" आजोबांनी विचारलं.

"त्यांचं ऑपरेशन झालंय. सुखरूप आहेत. कालच आपले आपण बाथरूमपर्यंत गेले."

"अरेरे! कसलं ऑपरेशन?"

टायवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी रांगेने मांडलेल्या गाद्यांकडे पाहिलं.

"पित्ताशयाचं," ते म्हणाले. "खडे."

आजोबांनी मान डोलवली. मग गादीवरचा पाण्याचा पेला उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेऊन हुंगला.

"मी म्हटलं होतं ना?" ते आजींना म्हणाले. "गादी घेऊ. पण इथलं पाणी पिऊ नकोस."