दुधावर वाढलेले टायर

"टायर निवडायला डोकं लागतं, आणि या घरात ते फक्त माझ्याकडे आहे!" डॉक्टरांनी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. बायकोने मुकाट्याने बिस्किटांची बरणी आपल्याकडे ओढून घेतली. उत्साहात आले की डॉक्टर हात फार उडवतात, आणि बरणी काचेची होती.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि रविवारी सकाळी माउंटन बाइक काढून शहराबाहेरच्या टेकडीवर जायचं, हा त्यांचा नेम. तिथे कुणी समोर येऊन आ करत नसे. कुणी "दुखेल का हो?" विचारत नसे. त्या सायकलीवर त्यांचा जीव होता, आणि नेमकी तीच त्यांनी पैजेवर लावली होती!

पैज लावली होती साडूंशी. साडूंना सगळे कप्तान म्हणत. शाळेच्या संघात ते एकदा राखीव कप्तान होते आणि तेवढ्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य रेटलं होतं. टेकडीच्या शेवटच्या वळणावर भुसभुशीत माती आणि बारीक खडी आहे. तिथे डॉक्टरांची सायकल दर वेळी घसरायची, डॉक्टर पाय टेकायचे, आणि ती हकिगत कप्तान प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला गेले असतानाही साभिनय सांगायचे. शेवटी डॉक्टरांचा पारा चढला.

"या रविवारी पाय टेकला, तर सायकल तुमची!"

"आणि मी टेकला," कप्तान छाती फुगवून म्हणाले, "तर पुन्हा जन्मात त्या वळणाचं नाव काढणार नाही!"

बायकोने कपाळाला हात लावला. नवऱ्याची सायकल गेली, तर रविवारी सकाळी नवरा घरात राहणार, हा धोका तिच्या लगेच लक्षात आला होता.

"पुढे मऊ टायर लावा, मागे कडक," ती म्हणाली. "वाट पुढचा ठरवतो, झीज मागच्याची होते. आपल्या घरासारखंच आहे ते."

"तुला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणून डॉक्टर थेट सायकलच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "पुढे मऊ, मागे कडक. माझा स्वतःचा अभ्यास आहे!"

दुकानदार बोलघेवडा. कानाला फोन, एका हातात पाना, आणि तोंड तीन गिऱ्हाइकांशी एकदम चालू. त्याने टायर समोर टाकले. डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला, टायरवरच्या रबरी उंचवट्यांमधून फिरवला, आणि एकेक उंचवटा बोटाने हलवून पाहिला.

"दात चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "हिरडीत घट्ट बसलेत. दाढा रुंद आहेत. पकड धरणार! पण टिकतील ना?"

"टिकतील की! आत दूध घातलं म्हणजे झालं."

"दूध?"

"दूध! कपभर पुढच्यात, कपभर मागच्यात. ट्यूब नसते ना आत. दुधाशिवाय हे टायर टिकतच नाहीत. हॅलो, नाही हो, तुम्हाला नाही म्हणालो!"

दुसरा कुणी असता तर चमकला असता. पण डॉक्टर? अहो, गेली कितीतरी वर्षं ते प्रत्येक लहान मुलाच्या गालाला हात लावून हेच सांगत आले होते, की दात मजबूत हवेत तर दूध! आज पहिल्यांदा दातांबाहेरच्या जगात कुणीतरी त्यांच्या मताचं भेटलं होतं. त्यांचा ऊर भरून आला.

"ताजं लागतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"ताजंच! जुनं झालं की आत गोळे होतात."

"बरोबर! होणारच!"

"मी घालून देऊ?"

"छे, छे! आमच्या घरी आहे की दूध."

"घरी ठेवता? वा, डॉक्टर, पक्के शौकीन दिसता!" दुकानदार खूश होऊन म्हणाला आणि पुन्हा फोनला चिकटला.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी चाकं दवाखान्यात नेली, कारण हवा भरायचा कॉम्प्रेसर तिथे होता. मागचं चाक खुर्चीवर टेकवून बसवलं. वरचा दिवा लावला. टायरला डाग पडू नयेत म्हणून पेशंटच्या गळ्यात बांधतात तो कागदी रुमालही बांधला. मग मोठ्या सिरिंजमध्ये दूध ओढून ते व्हॉल्व्हमधून सोडू लागले आणि सवयीने बोलूही लागले, "झालं हं, झालंच! जरा मोकळे राहा. अजिबात दुखणार नाही!"

नेमके त्याच वेळी गायनमास्तर दारात उभे. त्यांच्या दाढेचं आज काम होतं. त्यांनी खुर्चीतलं चाक पाहिलं, त्याच्या गळ्यातला रुमाल पाहिला, डॉक्टरांच्या हातातली सिरिंज पाहिली.

"या, या मास्तर!" डॉक्टर प्रेमाने म्हणाले. "बसा जरा. यांचं होतंच आलंय."

"नको, नको, त्यांचं सावकाश होऊ द्या!" मास्तर मागच्या मागे सरकत म्हणाले. "माझी दाढ दुखायची थांबली. एकदम थांबली!" आणि आयुष्यात कधी लागला नव्हता असा वरचा सूर लावत ते जिना उतरले.

रात्रीच्या जेवणाआधीच ही बातमी घरी पोचली होती. बायकोला फोनांवर फोन! कुणी विचारत होतं, "डॉक्टरांना बरं नाही का?" कुणी, "गाड्यांचंही बघतात म्हणे आता? आमच्या स्कूटरला सकाळी उचकी लागते, आणू का?" एका बाईंनी तर शिलाई मशीनच्या दातांसाठी वेळ मागितली!

"काय चाललंय तुमचं?" बायकोने विचारलं.

"विज्ञान!" डॉक्टर म्हणाले आणि सायकल बाल्कनीत उन्हाच्या बाजूला लावून झोपायला गेले.

शनिवारी दुपारपासून घरात वास सुटला. आधी बारीक, मग सणसणीत. बायकोने फ्रिज रिकामा केला, पुसला, पुन्हा भरला. ओट्यामागची फरशी घासली. दुधाची पातेली उन्हात घातली. "काहीतरी नासलंय हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. डॉक्टरही मदतीला धावले. त्यांनी सोफ्याखाली पाहिलं, चपलांचा कप्पा हुंगला, आणि बाल्कनीच्या दारात सायकलला टेकून उभं राहत निदान केलं, "हा वास शेजारून येतोय!"

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी कप्तान आधीच हजर होते. नवं हेल्मेट, नवे हातमोजे, आणि टायर इतके टम्म फुगवलेले की बोट टोचलं तर बोटच मोडावं. पंच म्हणून बायको वळणावर जाऊन उभी राहिली होती.

"डॉक्टर, तुमच्या टायरात हवा कमी दिसतेय!" कप्तान ओरडले.

डॉक्टरांनी खाली पाहिलं. टायर खरंच बसले होते. पण साडूंसमोर पंप मागायचा? त्यापेक्षा सायकल दिलेली बरी!

"ती अशीच असते," ते म्हणाले. "अभ्यास आहे त्यामागे."

आणि निघाले दोघे! पहिला चढ कप्तानांनी सटकन घेतला. डॉक्टर मागे, धापा टाकत. दर वळशाला टायर आणखी बसतोय हे त्यांना जाणवत होतं आणि मनात एकच घोकणं चाललं होतं, 'जाऊ नकोस गं, माझ्याकडेच राहा.' सायकलला असं विनवताना जेवढी भीती वाटत होती, तेवढी त्यांना आपल्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.

शेवटचं वळण आलं. कप्तानांचे टम्म टायर खडीवर आले आणि एकदा डावीकडे नाचले, एकदा उजवीकडे नाचले. कप्तानांनी एक पाय टेकला. मग दुसरा टेकला. मग ज्यावर माणूस बसतो तेही टेकलं!

मागून डॉक्टर आले. त्यांचे मऊ, बसके टायर मातीवर पसरले, खड्यांना कवटाळून बसले आणि सुटायचं नावच घेईनात! डॉक्टरांनी डोळे मिटले, पायडल मारलं, आणि डोळे उघडले तेव्हा वळण मागे होतं!

"पाय नाही टेकला!" बायको दोन्ही हात वर करून ओरडली. "अहो, नाही टेकला! सायकल आपलीच!" आणि ती चढावरून चक्क पळत सुटली.

माथ्यावर डॉक्टर हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. कप्तान मागोमाग कपडे झटकत आले. पण माणूस दिलदार! त्यांनी डॉक्टरांना कडकडून मिठी मारली.

"मानलं, डॉक्टर! असली पकड आजवर पाहिली नाही. बघू तरी काय टायर आहेत!" असं म्हणून ते मागच्या चाकासमोर उकिडवे बसले, नाक टायरपाशी नेलं आणि दोन्ही अंगठ्यांनी जोरात दाबलं.

फस्सस्स! टायर रिमवरून निसटला आणि आतलं सगळं कप्तानांच्या तोंडावर आलं. आंबट, पांढरं, गुठळ्यागुठळ्यांचं!

"हे काय आहे?" भुवईवरची गुठळी निपटत कप्तान किंचाळले. "दही?"

बायकोने एकदाच हुंगलं आणि तिचे डोळे बारीक झाले. "शनिवारपासून मी घर धुतेय!" ती म्हणाली. "काय घातलंत यात?"

"दुकानदाराने सांगितलं तेच," डॉक्टर ताठ मानेने म्हणाले. "दूध."

बायकोने तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून तिकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला.

"अहो, दूध म्हणजे ते पांढरं रसायन हो!" तो ओरडला. "आतून भोकं बुजवतं ते! आम्ही सगळे त्याला दूध म्हणतो! डॉक्टर, तुम्ही काय पातेल्यातलं दूध उचलून तसंच टायरात घातलंत?"

बायकोने डॉक्टरांकडे पाहिलं. दह्यातून वाट काढत कप्तानांनीही डॉक्टरांकडे पाहिलं.

"तसंच कसं घालीन?" डॉक्टर दुखावल्या आवाजात म्हणाले. "मला काय तेवढंही कळत नाही? चांगली साय काढून घातलं!"