काकवीचं पिशाच्च

सोलापूर जिल्ह्यात रंगभूषा आणि वेशभूषा या विषयांवर शेवटचा शब्द माझा असतो. हे मी म्हणत नाही, माझ्या दुकानाची पाटी म्हणते. पाटी मीच रंगवली आहे, पण तेवढ्याने काही ती खोटी ठरत नाही. गेली अठ्ठावीस वर्षं ‘मानसिंग ड्रेपरी’त गॅदरिंगचे ड्रेस भाड्याने मिळतात: पोपट, ससा, गाजर, वासुदेव, पोलीस आणि मागणी असेल तर यमराज. या शहरातली निम्मी पोरं माझं पोपटाचं नाक लावून स्टेजवर रडलेली आहेत.

त्यामुळे कॉलेजची वैष्णवी दुकानात येऊन “मास्तर, गॉथिक लुक जमेल का?” म्हणाली तेव्हा मी नुसता हसलो. गॉथिक म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण हसायला ते ठाऊक असावं लागत नाही.

ही वैष्णवी स्पर्धेसाठी बसवलेल्या कॉलेजच्या एकांकिकेची दिग्दर्शक. पेटीतून उठणारं एक पिशाच्च, त्याला पळवून लावणारा एक डॉक्टर आणि वीस मिनिटं, असा एकूण मामला होता. तिने मोबाइलवर परदेशातले फोटो दाखवले. पांढरेफटक चेहरे, काळे ओठ, डोळ्यांखाली काळं, केस आभाळाकडे ताठ! आठ दिवस जेवण न मिळालेली आणि वर विजेचा झटका बसलेली माणसं दिसत होती. पुण्याच्या मेकअपवाल्याला तिने विचारलं होतं. कॉलेजने अख्ख्या नाटकाला जेवढे पैसे दिले होते, तेवढ्यात तो फक्त भुवया करणार होता. माझ्यातला कलावंत जागा झाला. मी म्हणालो, “पुण्याचं नाव काढू नकोस. घरातल्या वस्तूंत करून दाखवतो.”

आणि खरोखरच घरातल्या वस्तूंत केलं. चेहऱ्याला तांदळाची पिठी, तुपाचा हात लावून मळलेली. डोळ्यांखाली काजळ. सुळे खोबऱ्याचे, घासून टोकदार केलेले. केसांना शेजारच्या यंत्रमागावरची मैद्याची खळ. सूत ताठ राहावं म्हणून मागवाले लावतात तीच. सूत ताठ राहतं तर केस का राहणार नाहीत? शेजाऱ्याने तेलुगूत काहीतरी विचारलं, त्याच्या बायकोने तेलुगूतच काहीतरी उत्तर दिलं आणि दोघं माझ्याकडे बघून हसले, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. यमराजाचा झगा उलटा केला, जरीची बाजू आत गेली, काळी बाहेर आली. रक्ताचा प्रश्न तेवढा उरला होता. नाटकाचं विकतचं रक्त महाग असतं, माणसाच्या रक्तापेक्षाही. मी करकंबहून बरणीभर काकवी मागवली आणि त्यात बिटाचा रस घातला. काय रंग आला! हनुवटीवरून असं घट्ट ओघळायचं की बघणाऱ्याने खुर्ची मागे सरकवावी.

आमच्या वच्छलाने सगळ्या वाट्या ओळीने मांडलेल्या बघितल्या आणि म्हणाली, “अहो, हे सगळं खायचंच आहे की. पोराला रंगवताय का वाढताय?”

मी तिला समजावलं की कलेतलं तिला काही कळत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी बऱ्याच वेळा वापरलं आहे आणि प्रत्येक वेळी ते मलाच महागात पडलं आहे.

आता पिशाच्चाची ओळख करून द्यायला हवी. त्याचं नाव अजिनाथ. मंगळवेढ्याच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला मुलगा. अंगाने काडी, आवाज मात्र विहिरीतून यावा तसा. त्याला पुण्याला जाऊन नाटकाचा कोर्स करायचा होता. त्याच्या वडिलांनी, बिरप्पांनी, श्रीपूरच्या साखर कारखान्यावर शब्द टाकून हंगामापुरती कारकुनाची जागा बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि स्पर्धा होती शनिवारी. बापलेकांत ठरलं होतं की अभिनयाचं बक्षीस आणलं तर पुणे, नाहीतर सोमवारी कारखाना. मला हे त्याने पिठी लावून घेताना सांगितलं. “मास्तर, चांगलं रंगवा,” एवढंच म्हणाला. मी म्हणालो, तू काळजीच करू नको.

पेटीही माझीच होती. म्हणजे आमच्या घरचा दिवाण. आतली अंथरुणं काढली की माणूस आडवा मावतो, वरून जाड फळीचं झाकण. त्याच्या मानेला त्रास नको म्हणून मी आत एक उशी ठेवली. लग्नात वच्छलाने स्वतः भरतकाम केलेली. माझा स्वभावच हळवा आहे, त्याला काय करणार.

शनिवारी दुपारी आमचा नंबर पहिला होता. संयोजकांनी सांगितलं, पडद्यामागे सेट लावा, नट जागेवर घ्या, दोन मिनिटांत पडदा उघडतोय. अजिनाथ दिवाणात शिरला. मी शेवटचं रक्त हनुवटीवर ओतलं, चार थेंब जास्तच, आणि झाकण लावलं. त्याच क्षणी बाहेर गडबड उडाली. प्रमुख पाहुणे आले होते!

ते सकाळी दहाला यायचे होते, दुपारी दोनला आले, म्हणजे आपल्याकडच्या मानाने वेळेवरच. आता त्यांच्याआधी नाटक कसं सुरू करणार? मग पडद्याच्या पुढे दीपप्रज्वलन झालं. पंखे चालू होते, त्यामुळे समई तीनदा विझली आणि चारदा पेटवावी लागली. मग स्वागतगीत, मग सत्कार. ज्यांनी सत्कार केला त्यांचाही सत्कार. पडद्याच्या मागे आमचं पिशाच्च दिवाणात पडून होतं आणि झाकण उघडायची सोय नव्हती, कारण फळी करकरते आणि पडद्याला लागूनच माइक होता.

मी विंगेत उभा होतो. मागच्या भिंतीच्या फटीतून एक बारीक लाल रेघ निघालेली मला दिसली. रेघ स्टेजवरून सरळ दिवाणाकडे जात होती. आधी वाटलं, रंग सांडलाय. मग लक्षात आलं की रंग चालत नाही.

लाल मुंग्या! अठ्ठावीस वर्षांत माझ्या एकाही कलाकृतीकडे इतका मोठा प्रेक्षक इतक्या शिस्तीत आलेला नव्हता. दिवाणाच्या फटीतून त्या आत जात होत्या आणि परत कोणीच येत नव्हतं, म्हणजे आत पंगत बसलेली होती. मी रांगत दिवाणापाशी गेलो आणि फटीला तोंड लावून विचारलं, “अजिनाथ, आत काही आहे का रे?”

आतून अगदी बारीक आवाज आला. “मास्तर, किती येळ हाय अजून?”

“पाच मिनिटं,” मी म्हणालो.

बाहेर प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले होते आणि नुकते इयत्ता चौथीत गेले होते. त्यांना पुढे दहावी व्हायचं होतं, राजकारणात पडायचं होतं, दोनदा निवडून यायचं होतं आणि एकदा पडायचं होतं. मी वैष्णवीला खुणेने विचारलं, काढू का त्याला बाहेर? तिने ‘नको’ म्हणून हात जोडले. मी पुन्हा फटीशी गेलो आणि म्हणालो, वाटलं तर ठोठाव, आपण सगळं थांबवू, गेली स्पर्धा खड्ड्यात. पाहुणे बोलत राहिले. दिवाणातून एकही आवाज आला नाही, एकही ठोका नाही. झाकण लावल्यापासून पाऊण तासाने टाळ्या वाजल्या. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता, ते नाटक न बघताच निघून गेले.

पडदा उघडला. निळा प्रकाश, धूर, झाकण हळूहळू वर उचललं गेलं. आधी एक हात आला. मग अजिनाथ सावकाश, आम्ही ठरवलं होतं तसाच, उठून बसला. आणि त्याच्याबरोबर उशीही उठून बसली.

बंद पेटीतल्या घामाने खळ पातळ झाली होती आणि मग उशीला धरून पुन्हा वाळली होती. मैद्याची खळ, ती आपलं काम करणारच. पिशाच्चाच्या डोक्यामागे गुलाबी उशी, तिच्यावर दोन बदकं आणि भरतकामात लिहिलेलं ‘शुभ रात्री’!

सभागृह फुटलं. पोरं बाकांवर उभी राहिली. अजिनाथने पहिलं वाक्य म्हटलं, शंभर वर्षांच्या भुकेचं, आणि ते म्हणायला तोंड उघडलं तर आत एकही सुळा नव्हता. खोबरं त्याने आतच चावून संपवलं होतं. पाऊण तास ओरडायचं नसेल तर माणसाने कशावर तरी दात रोवायलाच हवेत. तरी तो डगमगला नाही. उशी उपटून बाजूला ठेवली, तिच्याबरोबर थोडे केसही गेले, आणि पुढचं वाक्य म्हटलं. त्यानंतर मुंग्या झग्याच्या आत, जरीच्या बाजूला पोहोचल्या. पुढची दहा मिनिटं पिशाच्च वाक्यं बरोबर म्हणत होतं, पण एका जागी उभं राहत नव्हतं. डॉक्टरने त्याला पळवायचं होतं, पण तोच डॉक्टरच्या पुढे पळत होता. वैष्णवी विंगेत तोंडावर ओढणी धरून बसली होती. हसत होती का रडत होती ते मी विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत निकाल लागला. अभिनयाचं बक्षीस दुसऱ्या कॉलेजच्या मुलीला गेलं. अजिनाथबद्दल परीक्षक म्हणाले की मृत व्यक्तिरेखेला एवढी हालचाल शोभत नाही. मग रंगभूषेचं बक्षीस जाहीर झालं. सुजलेला ओठ, अर्धा मिटलेला डोळा, गळ्यावरचे उठलेले फोड, इतकं जिवंत काम इतक्या कमी खर्चात आपण पाहिलं नाही, असं परीक्षकांनी माइकवर सांगितलं. प्रथम क्रमांक, मानसिंग ड्रेपरी!

मी गेलो. खोटं कशाला बोलू, मी जवळजवळ धावतच गेलो. अठ्ठावीस वर्षं पोपटाची नाकं चिकटवणाऱ्या माणसाला कोणी नावाने स्टेजवर बोलावलं तर तो मुंग्यांचा विचार करत नाही. बक्षिसाची पितळी बाहुली हातात घेतली, फोटो काढून घेतला आणि खाली उतरताना अजिनाथ दिसला. तो भिंतीला टेकून उभा होता, एका डोळ्याने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत. माझ्यासाठी तोही टाळ्या वाजवत होता. तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली.

बिरप्पा पहिल्या रांगेत बसलेले होते, पाहुण्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर. पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. नाटकभर ते एकदाही हसले नव्हते. आता ते उठले आणि कोणाला न विचारता स्टेजच्या मागे आले. मी धावत जाऊन सांगून टाकलं की चूक माझी आहे, मी पोराला सगळं खाण्याचं लावलं, त्याच्या नाटकात काही कमी नव्हतं, तुम्ही त्याला कारखान्यावर पाठवू नका. ते ऐकत होते का नाही कोण जाणे. त्यांनी दिवाणाचं झाकण उचललं आणि आत वाकून बघितलं. आत अजून मुंग्यांची जत्रा चालू होती.

“ह्यात हुता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“किती येळ?”

“पाऊण तास.”

“आन वराडला न्हाय?”

“नाही. ठोठावलंसुद्धा नाही.”

त्यांनी झाकण हळूच, आवाज न करता लावलं. म्हणाले, “घरी एक गोचीड चावली तर वाडी गोळा करतंय हे.” मग अजिनाथकडे बघितलं. त्याची मान खाली होती. “परीक्षकास्नी काय कळणार. ह्यानं नाटक केलं ते झाकणाखाली. त्यास्नी कुटनं दिसंल?”

अजिनाथने मान वर केली.

“सोमवारी कारखान्यावर तुझ्या चुलत्याचा पोरगा जाईल. तू पुन्याला जा,” बिरप्पा म्हणाले, आणि घोंगडीच्या टोकाने पोराच्या मानेवरची एक मुंगी झटकली. “आदी अंघूळ कर.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ती बाहुली अजिनाथच्या हातात दिली. त्याने तिच्यावरचं ‘उत्कृष्ट रंगभूषा’ वाचलं आणि हसायला गेला, पण ओठ सुजलेला होता, त्यामुळे हसणं एकाच बाजूला झालं. घेत नव्हता, मी जबरदस्तीने घ्यायला लावलं. घरी वच्छलाने उशी बघितली, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

प्रमाणपत्र मात्र मी ठेवून घेतलं. तेही द्यावं इतका मी मोठा माणूस नाही. दुकानात यमराजाच्या शेजारी फ्रेम करून लावलंय, खाली त्या दिवशी काढलेला अजिनाथचा सुजलेला फोटो. गिऱ्हाईकं थांबून बघतात आणि विचारतात, मास्तर, हे फोड इतके हुबेहूब कसे काढले? मी विनयाने सांगतो की हे एकट्याचं काम नव्हे, हाताखाली बरेच जण होते.