वर एक नंबर, आत खाद

गांगुर्डे अण्णा कुणाच्या घरी गेले की बेल वाजवत नाहीत, भिंत वाजवतात. खिशातून अडकित्ता काढतात, दाराशेजारच्या प्लास्टरवर तीनदा टकटक करतात, कान लावतात आणि दार उघडणाऱ्याला नमस्काराऐवजी निकाल ऐकवतात, "खाद हाय, भाऊसाहेब!"

भाऊसाहेब म्हणजे मी. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती, तेव्हा ऐन पोह्यांच्या वेळी अण्णांनी आमच्या हॉलची भिंत अशी नापास केली होती. लग्न तरीही ठरलं. पण आमचे व्याही अजूनही आमच्या भिंतीला पाठ टेकत नाहीत.

खाद म्हणजे सडका, डागी कांदा. अण्णांनी उभा जन्म चांदवडकडच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवला. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात तीनच प्रती आहेत: एक नंबर, गोल्टी आणि खाद. गोल्टी म्हणजे बारका माल. आमचे चेअरमन गोल्टी. लिफ्ट खाद. मी "गोल्टी, पण वाळलेली", आणि हे कौतुक आहे असं मला सुमनकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, खाजगीत कळवलं. एक नंबर मात्र अण्णांनी आजवर कशालाच दिलेला नाही. काकूंच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांची लोक रांग लावून वाट बघतात, अण्णा चौथा मांडा संपवून म्हणतात, "चालंल." का, तर "एक नंबर म्हनलं की माणूस फुगतो, आन पुढच्या खेपेला खाद आणतो."

असे हे अण्णा निवृत्तीनंतर नाशकात इंदिरानगरला आमच्या बरोबर डोक्यावर, शेवटच्या मजल्यावर राहायला आले.

गेल्या मे महिन्यात गारांचं वादळ झालं. गच्चीवरची पाण्याची भरलेली टाकी स्टँडवरून उलथली ती थेट अण्णांच्या बेडरूमच्या माथ्यावर. खाली छताचं हातभर रुंदीचं प्लास्टर सुटलं आणि काकूंच्या पलंगावर येऊन बसलं. पलंगाची लोखंडी पट्टी वाकली. काकू त्या पलंगावर नव्हत्या. अर्धा मिनिट आधी होत्या. पण हॉलमधून अण्णांनी नेहमीप्रमाणे चार वाजताच्या चहासाठी बोंब ठोकली, आणि काकू नेहमीप्रमाणे पुटपुटत उठल्या होत्या. हे मला काकूंनी सांगितलं. अण्णा वादळाची गोष्ट दिसेल त्याला सांगतात. चहा तेवढा गाळतात.

अण्णांची लेक पाथर्डी फाट्याला राहते. अण्णांनी त्याच संध्याकाळी काकूंना रिक्षात बसवून तिच्याकडे पाठवलं आणि जाहीर केलं, "छत पास झाल्याबिगर ही इथं पाय ठेवनार नाय." काकूंना वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे. त्यांनी दोनच लुगडी नेली.

आता विम्याकडे वळू. फ्लॅटच्या कर्जासोबत बँकेने हा विमा अण्णांच्या गळ्यात मारला होता. कंपनीने आधी सर्व्हेअर पाठवला. गृहस्थ गोल, टायवाले, फार गंभीर. त्यांनी छताचे फोटो काढले, पलंगाचे काढले, अण्णांचेही काढले आणि विचारलं, "छत पडताना आपण प्रत्यक्ष पाहिलंत का?"

"खालून पाह्यलं असतं तर तुमाला सांगायला राह्यलो असतो का?" अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "गोल्टी."

कंपनी पैसे हातात देत नव्हती. तिच्या यादीतला ठेकेदार येणार, दुरुस्ती करणार, आणि मालकाने समाधानपत्रावर सही केली की फाइल बंद. समाधानपत्र! मी तीस वर्षं संसार करतो आहे. माझ्याकडे असं पत्र कुणी मागितलेलं नाही, आणि मागितलं तर घरात सही होईल याची खात्री नाही.

ठेकेदाराचं नाव मनीषभाई. तीन मोबाइल, एक वाक्य: "काका, टेन्शनच घेऊ नका." त्याच्या माणसांनी ओल्याच छतावर सिमेंट थापलं, वर पुट्टी, वर पांढराशुभ्र रंग, आणि पंखा असा टांगला की तो फिरताना मान हलवून नाही म्हणायचा. दोन दिवसांत काम फत्ते. मनीषभाईने समाधानपत्र पुढे केलं.

इथे अण्णांचा धंदा आडवा आला. बाजारात ट्रॉलीच्या वर गोंडस कांदा आणि तळाला भलतंच काही, हे ज्याने जन्मभर पाहिलं, तो वरचा माल बघून बोली लावत नाही. तो तळाशी हात घालतो. कांदा फोडतो. अण्णा स्टुलावर चढले, अडकित्त्याने टकटक केली, कान लावला आणि वरवंटा मागितला.

"काका, काय करताय?"

"फोडून बघतो."

दोन दिवसांचं काम दोन घावांत मनीषभाईच्या बुटांवर आलं. आत छत घामाघूम. "वर एक नंबर, आत खाद!" अण्णांचा आवाज खालच्या किराणा दुकानापर्यंत गेला.

दुसऱ्या खेपेला हेच. तिसऱ्या खेपेला मनीषभाईने डोकं चालवलं. दुरुस्तीच्या भानगडीत न पडता त्याने खाली पीओपीचं खोटं छतच टांगलं. मधोमध कमळ, कमळात निळा दिवा. ती खोली एखाद्या लग्नाच्या हॉलसारखी दिसू लागली. सर्व्हेअरसाहेबही या वेळी हजर होते. अण्णांनी कमळाखाली मधोमध उभं राहून हात वर केला आणि थेट लिलावच पुकारला, "बोला, शेठ, बोला! कमळाचा माल आलाय! वरून देखना, आत काय ते देवाला ठाऊक! कोन घेतो?"

शेठ म्हणजे मी, मनीषभाई आणि सर्व्हेअरसाहेब. मी उत्साहाने म्हणालो, "आधी फोडून दाखवा!" माझं चुकलंच. अण्णा वाटच पाहत होते. कमळ गेलं, दिवा गेला, आणि वरून गुपचूप साठलेलं बादलीभर पाणी सर्व्हेअरसाहेबांच्या टायवर उतरलं.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. मालकाने स्वतः वरवंट्याने केलेली नासधूस विम्यात बसत नाही. सोसायटीत मीच ते पत्र नाट्यमय आवाजात वाचून दाखवलं आणि खूप टाळ्या घेतल्या. सगळ्यांचं एकमत होतं: अण्णा हट्टी आहेत, बायको पाच महिने परक्या घरात आहे, तिचा विचार नाही, यांना वरवंट्याची मौज. काकूंचा मलाही फोन यायचा. "भाऊसाहेब, सांगा की यांना. जावयाच्या घरी किती दिवस राहायचं? तुळशीला पाणी तरी घालताहेत का?" घालत होते. मी ते सांगितलं नाही. माझ्या गोष्टीत ते बसत नव्हतं.

दिवाळीनंतर, गळतीचा पुरावा सर्व्हेअरसाहेबांच्या टायवरच उतरला होता म्हणून असेल, कंपनीने एक शेवटची संधी दिली आणि मनीषभाईने दुसराच मिस्त्री पाठवला. काशीराम, सुरगाण्याचा, पन्नाशीचा, अंगाने काटकुळा आणि बोलायला महाग. त्याने छताला हात लावला आणि थापी परत पिशवीत ठेवली.

"ओला हाये, बाबा. सुकू द्या. मग येतो."

अण्णा चाट पडले. काम न करता परत जाणारा ठेकेदाराचा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. टाकी आदळून गच्चीला पडलेली भेग काशीराम बुजवून गेला आणि खरंच तीन आठवड्यांनी आला. गंजलेली सळई घासली, थर लावला, सुकू दिला, दुसरा लावला. ठिगळ दिसत होतं; रंग जुन्याशी जुळला नव्हता. अण्णांनी टकटक केली. कान लावला. परत केली. वरवंटा मागितला नाही.

"चालंल," ते म्हणाले, आणि समाधानपत्रावर सही केली.

काकू दुसऱ्या दिवशी येणार होत्या. त्या दिवशी दुपारी, त्या यायच्या आधी, अण्णांनी मला वर बोलावलं. "जरा हात लावा. पलंग हलवायचेत." काकूंचा पलंग ठिगळाखालून काढून पार कोपऱ्यात, भिंतीला लावला. अण्णांचा पलंग बरोबर ठिगळाखाली आला. मी विचारलं, "अण्णा, माल पास केलात ना?"

"केला की."

"मग?"

"बाजारात पास केलेला मालबी घरी जाऊन सडतो, भाऊसाहेब. तिकडून धरा."

मी धरलं.

तेवढ्यात काकू आल्या. दोन लुगड्यांची पिशवी हातातच. दारातूनच त्यांनी खोली पाहिली.

"माझा पलंग तिकडं का?"

"पंख्याचं वारं," अण्णा म्हणाले. "तुला सर्दी होते."

"डिसेंबर चालू आहे. पंखा कोण लावतंय?"

"उन्हाळा काय येनारच नाय का?"

काकूंनी छताकडे पाहिलं. मग ठिगळाखालच्या पलंगाकडे. मग अण्णांकडे, बराच वेळ. पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"भाऊसाहेब, एक बाजू धरा. मला भिंतीचा गारवा बाधतो."

आम्ही त्यांचा पलंग ओढत आणला आणि अण्णांच्या पलंगाला चिकटवून ठेवला. दोन्ही बरोबर ठिगळाखाली. अण्णांनी खिशातून अडकित्ता काढला, उगाच परत ठेवला.

"चार वाजले," काकू म्हणाल्या. "बोंब नाही मारलीत ती?" आणि चहा टाकायला आत गेल्या.

अण्णा त्या गेल्या त्या दाराकडे बघत उभे होते.

"एक नंबर," ते म्हणाले.

छताविषयीच बोलत असणार, असं मी धरून चाललो.