खोड सांगून दिलेला उमेदवार

नोकरी आणि बैल या दोन गोष्टी मधल्या माणसाशिवाय मिळू नयेत, अशी समाजाने पूर्वापार सोय करून ठेवली आहे. मधला माणूस नसला की घेणारा आणि देणारा एकमेकांशी सरळ बोलू लागतात, आणि त्यातून भांडणं होतात. (तीही मिटवायला पुन्हा मधला माणूसच लागतो.)

बेल्ह्याच्या सयाजीरावांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. गुरांच्या बाजारात दलाली करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले, बैलांचं गिऱ्हाईक आटलं, आणि तिकडे चाकणच्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. सयाजीरावांनी धंदा बदलला नाही, फक्त जनावर बदललं. २००३ साली आळेफाट्यावर एका गॅरेजच्या माडीवर ‘सयाजी प्लेसमेंट’ अशी पाटी झळकली.

पद्धत अगदी शास्त्रशुद्ध, बैलाचं वय दातांवरून ठरवतात तशी होती. दहावी पास म्हणजे दोनदाती, आयटीआय म्हणजे चारदाती, आणि इंजिनियर म्हणजे सगळे दात आलेला, म्हणून खायलाही जास्त लागणारा. पगाराची बोलणी सयाजीराव आणि कंपनीचा माणूस यांच्यात, बाजारातल्यासारखी, उपरण्याखाली बोटं दाबून होत. उमेदवार शेजारीच उभा असे, पण आकडा त्याला कळत नसे. याला कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. पुण्यामुंबईच्या एजन्सीही हेच करतात, त्यांच्याकडे उपरणं नसतं इतकंच.

एका बाबतीत मात्र सयाजीराव मागासलेले राहिले. बाजाराचा रिवाज असा, की जनावराची खोड आधी सांगायची. मारका असेल तर मारका, औताला जुंपल्यावर बसकण मारत असेल तर तेही. लपवलं आणि उघडं पडलं, तर जनावर परत आणि दलालाची अब्रू बाजारात.

या माडीवर एक दिवस नवनाथ आला. आयटीआय फिटर, घरची टोमॅटोची शेती बरी चाललेली. त्याला नोकरीची गरज नव्हती, लग्नाची होती. नारायणगावच्या नानासाहेबांची वैष्णवी त्याला पसंत होती आणि तिलाही तो. पण शेतकऱ्याला मुलगी द्यायची नाही, जावई कंपनीतलाच आणि तोही परमनंट हवा, असा नानासाहेबांचा सिद्धांत होता. (नानासाहेब स्वतः शेतकरी होते. त्यांच्या सासऱ्यांना हा सिद्धांत वेळेवर सुचला नव्हता.)

चाकणच्या एका कारखान्याचे साहेब माणसं न्यायला आले. त्यांनी नवनाथाला ठरीव प्रश्न टाकला, “तुझ्यातल्या उणिवा सांग.”

यावर ‘मी जरा जास्तच काम करतो’ असं म्हणायचं असतं, हे साऱ्या सुशिक्षित जगाला ठाऊक आहे. सयाजीरावांनी नवनाथाच्या पाठीवर थाप मारली.

“मी सांगतो साहेब. जेवल्याव याला डुलकी लागती. शिवी दिली तर उलटी देतो. बाकी कामाला लई चिवट.”

साहेब चाट पडले. या प्रश्नाचं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलंच नव्हतं. नवनाथ लगेच कामावर रुजू झाला.

नानासाहेबांचा निरोप आला, “परमनंट कवा करनार, ते इचारून घे. मग तारीख काढू.” नवनाथाने सुपरवायझरला विचारलं. मग साहेबांना विचारलं. ते टाळू लागले तेव्हा सगळ्यांसमक्ष विचारलं. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या जीपने त्याला आळेफाट्यावर आणून सोडलं.

“हा विचारतो,” बरोबर आलेले साहेब सयाजीरावांना म्हणाले.

“देवाशप्पत साहेब, ही खोड मला ठावं नव्हती,” सयाजीराव काकुळतीला आले. खरंच नव्हती. आपल्याकडे विचारण्याला खोड म्हणत नाहीत, त्यामुळे ती तपासायची राहून गेली.

बातमी नारायणगावला पोचली. सोयरीक मोडायला नानासाहेब तावातावाने माडी चढले, मागोमाग वैष्णवी. माडीवर बसलेला नवनाथ चटकन उठून उभा राहिला. नोकरी आणखी एखादी मिळाली असती, वैष्णवी एकच होती.

“का परत केला ह्याला?” नानासाहेबांनी विचारलं.

“इचारतो म्हनून,” सयाजीराव म्हणाले.

“काय इचारतो?”

“परमनंट कवा करनार, ते.”

नानासाहेब खाकरले. “कंपनीला चालंना, त्यो मी कसा पदरात घेऊ?”

“आप्पा, इचारायला तुमीच लावलं व्हतं,” वैष्णवी म्हणाली आणि सयाजीरावांकडे वळली. “काका, ह्यांची आनखी काही खोड?”

“न्हाई पोरी. व्हती ती समदी सांगितली.”

“मग मला चालंल. न इचारनारी मानसं आमच्याकडं लई हायेत.”

खोड सांगून झाल्यावर माघार घेता येत नाही, हा रिवाज बेल्ह्याच्या बाजारात बैल घेतलेल्या नानासाहेबांना ठाऊक होता. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला, सयाजीरावांनी सवयीने वर उपरणं टाकलं, आणि आत बोटांनी लग्नाची तारीख ठरली.

“कवा?” नवनाथाने लगेच विचारलं.

वैष्णवी खुदकन हसली. आता दोघं मिळून टोमॅटो पिकवतात आणि भावावरून अडत्याचं डोकं खातात.

सयाजीरावांनी मात्र धडा घेतला. माडीवर आलेला पोरगा ‘पगार किती?’ म्हणाला, की ते त्याला चहा पाजून घरी पाठवतात. उरलेले हातोहात खपतात आणि जिथे जातात तिथे वर्षानुवर्षं टिकतात.

आपणही, वाचकहो, एकाच नोकरीत बरीच वर्षं टिकून असाल. त्या अर्थी आपल्यात काही खोड नाही. अभिनंदन.